थायरॉइडच्या गोळ्या आणि जपान

टोकियोला निघायच्या महिनाभर आधी माझ्या बॅगेत दोन किलो औषधं होती. त्यातली माझी फक्त थायरॉक्सिनची, बाकी सगळी आईची माया.

जपानचा नियम असा: डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध स्वतःपुरतं एक महिन्याचं नेता येतं. जास्त हवं तर आधी 'युन्यु काकुनिन-शो' हे प्रमाणपत्र काढायचं. (जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'याक्कान शोमेई' आहे, २०२० मध्ये नाव बदललं.) मला सहा महिन्यांच्या गोळ्या न्यायच्या होत्या, म्हणून अर्ज केला. ऑनलाइन, फुकट. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र पुन्हा लिहून घ्यावी लागली. पहिलीतलं अक्षर आमच्या केमिस्टशिवाय कुणालाच लागलं नसतं!

खरी पंचाईत सर्दीच्या गोळ्यांची झाली. आईने कोंबलेल्या एका पाकिटावर स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) लिहिलेलं. दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध तिथे या प्रमाणपत्रावर नेता येत नाही. खोकल्याच्या कोडीनवाल्या (कोडीन म्हणजे अफूच्या जातीचं औषध) बाटलीचंही त्रांगडंच. दोन्ही घरी ठेवल्या.

"अगं, साध्या सर्दीच्या गोळ्या त्या," आई म्हणाली, आणि सितोपलादीची लेबल नसलेली पुडी पुढे केली. पांढरट भुकटी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. कस्टमवाल्यापुढे ती उघडताना मी स्वतःला डोळ्यांसमोर आणलं आणि पुडी परत तिच्या हातात दिली.

टोकियोच्या नारिता विमानतळावर माझा कागद बघायला अर्धं मिनिटही लागलं नाही. शेवटी विचारलं ते बॅगेतल्या लोणच्याबद्दल.