क्रूझचा एक दिवस: पोर्टोफिनोच्या आधी कामोल्यी

इटलीच्या किनाऱ्यावरच्या सांता मार्गेरिता लिगुरे या गावाला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर तिगुल्लिओच्या आखातात नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना टेंडर बोटींतून किनाऱ्यावर सोडतं. आपलं आपण फिरायचं असेल तर दिवसाचं अर्धं गणित इथेच असतं. जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना नंबराची चिठ्ठी मिळते. आठ वाजता नांगर पडला म्हणजे आठ वाजता आपण गावात पोचलो असं होत नाही. आम्ही साडेनवाच्या सुमाराला उतरलो, तेही चिठ्ठी नाश्त्याच्या आधीच घेऊन ठेवली होती म्हणून.

शेवटची टेंडर साडेपाचची होती. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून चारला परत धक्क्यापाशी यायचं, असं मी आणि नवऱ्यानं आदल्या रात्रीच ठरवलं होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बरोबर होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे आणि गुडघे कुरकुरणारे, पण उत्साह आमच्या दोघांपेक्षा जास्त.

जहाजावरच्या बऱ्याच मंडळींनी चिंक्वे तेर्रेला, म्हणजे याच किनाऱ्यावरच्या पाच प्रसिद्ध गावांना, जायचं ठरवलं होतं. जाऊन-येऊन ट्रेनमध्येच दोन तासांहून जास्त, वर पाच गावं, चढउतार आणि फलाटावरची रेटारेटी. उरलेले थेट पोर्टोफिनो या शेजारच्या प्रसिद्ध बंदरगावाला. आम्ही नकाशा बघून उलट दिशा धरली: आधी ट्रेननं कामोल्यी, दुपारी परत सांता मार्गेरितात जेवण आणि गर्दी ओसरायला लागल्यावर जमलं तर बोटीनं पोर्टोफिनो. तिन्ही गावं एकाच डोंगराच्या कुशीत आहेत. सांता मार्गेरिता ते कामोल्यी रेल्वेनं बोगद्यातून पाच-सात मिनिटं, सांता मार्गेरिता ते पोर्टोफिनो रस्त्यानं पाचेक किलोमीटर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण परत आल्यापासून सगळे तेच विचारतात. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, व्हिसा लागतोच. मधे तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोसारखं शेंगेनबाहेरचं बंदर असेल तर तो मल्टिपल एन्ट्रीचा हवा. आमचे पासपोर्ट जहाजावरच जमा होते, त्यामुळे उतरताना जहाजाचं कार्ड आणि पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स एवढंच पर्समध्ये होतं. कोणी विचारलं नाही, पण झेरॉक्स असू द्यावी.

सांता मार्गेरिताचं स्टेशन वरच्या अंगाला आहे. चालत दहा-पंधरा मिनिटं, पण चढ. पोर्टोफिनो आणि स्टेशन यांच्यामध्ये धावणारी ७८२ नंबरची बस किनाऱ्यावर थांबते, तीच पकडून वर गेलो. बसचं तिकीट आधी तंबाखू-सिगारेटच्या दुकानातून घेतलं. इटलीत या दुकानांत तिकिटांपासून पोस्टाच्या स्टॅम्पपर्यंत सगळं मिळतं. रेल्वेचं तिकीट मशिनमधून काढलं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. तसं केलं नाही तर हातात तिकीट असूनही दंड होतो. आणखी एक: इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात, पण ते आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. क्रूझवाल्यांना नेमकी मधलीच वेळ लागते, म्हणून बंदराची तारीख कळली की संपाच्या बातम्या तपासून ठेवाव्यात.

कामोल्यीत उतरलं की समुद्र लगेच दिसत नाही. गावाचा मुख्य रस्ता वर आहे, समुद्र खाली आणि मधे सहा-सात मजली उंच घरांची भिंतच. घरांच्या फटींतून पायऱ्या खाली उतरतात. आईंनी एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर ठेवला आणि दर वळणावर थांबत आम्ही उतरलो. घाई कुणालाच नव्हती, त्यामुळे घरं नीट बघता आली. गेरू, पिवळा, फिका गुलाबी असे रंग. एका घराला दर मजल्यावर चार-चार खिडक्या होत्या. हिरव्या झडपा, वर दगडी नक्षी, नक्षीची सावलीसुद्धा. दोन खिडक्यांखाली कपडे वाळत होते. निरखून पाहिल्यावर कळलं की कपडे होते तेवढ्याच खिडक्या खऱ्या. बाकी झडपा, नक्षी, सावली, सगळं रंगवलेलं! या किनाऱ्यावर ही जुनीच रीत आहे. आईंचा शेरा: "बरं आहे, पुसायला नकोत."

एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा गावाच्या मालकीची शेकडो शिडाची जहाजं होती. 'हजार पांढऱ्या गलबतांचं गाव' अशी त्याची ख्याती होती. आता बंदरात मासेमारीच्या छोट्या बोटी असतात. दर वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथे माशांची जत्रा भरते आणि चारेक मीटर व्यासाच्या कढईत मासे तळून लोकांना वाटतात. १९५२ पासूनची प्रथा आहे. जुन्या कढया गावात भिंतीला टांगून ठेवल्या आहेत. आम्ही सप्टेंबरात गेलो होतो, त्यामुळे नुसत्या कढयांवरच समाधान मानलं.

बंदराच्या धक्क्यावर आई एकदम थबकल्या. जाळ्यांच्या ढिगाशेजारी तपकिरी दोराची वेटोळी पडली होती. त्यांनी वाकून दोर बोटांनी उसवून पाहिला, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगो, हा काथ्या!" आई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. काथ्या वळताना त्यांनी लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे त्यांना कुणी फसवू शकत नाही. आणि तो काथ्याच होता. जवळच्या फलकावर चित्रांसकट माहिती होती, नवऱ्यानं फोनवर भाषांतर करून वाचून दाखवली. कामोल्यीजवळच्या समुद्रात ट्यूनासाठी लावायचं पारंपरिक सापळ्याचं जाळं अजून वापरात आहे. इटलीत अशी जाळी आता फार थोडी उरली आहेत. मच्छीमार हे जाळं दर वर्षी नारळाच्या काथ्यापासून हातानं विणतात, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ते समुद्रात असतं आणि मासे हातानंच ओढून वर घेतात. हंगाम संपला की जाळं कापून तळाशी सोडून देतात, ते कुजून जातं. नायलॉनचं असतं तर असं करता आलं नसतं. या किनाऱ्यावर नारळाचं एक झाड नाही, आणि गावची जुनी मासेमारी काथ्यावर! आईंनी त्या वेटोळ्याचे माझ्या फोनवर इतके फोटो काढायला लावले की पोर्टोफिनोचे त्याच्या निम्मेही नाहीत.

खाण्याचं सांगायचं तर नेमका सोमवार होता. एरवी आईंना मासे पानात लागतात, पण सोमवार म्हणजे सोमवार, मग जहाज कुठेही असो. समोर कागदाच्या द्रोणात तळलेल्या ताज्या मांदेलीएवढ्या माशांचा घमघमाट सुटलेला, आणि त्या तोंड फिरवून फोकाच्याच्या, म्हणजे इथल्या चपट्या पावाच्या, दुकानात शिरल्या. हा किनारा लिगुरिया प्रांतातला, आणि असा प्रांत शाकाहाऱ्यांना युरोपात विरळाच. ऑलिव्ह तेलात न्हालेला फोकाच्या, वर कांदा घातलेलाही मिळतो. पुढचं स्टेशन रेक्को. तिथला चीजचा फोकाच्या प्रसिद्ध: पिठाच्या दोन कागदासारख्या पातळ पाऱ्या आणि मधे मऊ ताजं चीज. आम्हाला मात्र फारिनाता जास्त आवडली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, एवढंच साहित्य. हे तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात. कडेला कुरकुरीत, मधे लुसलुशीत. बेसनाच्या धिरड्याची श्रीमंत बहीणच म्हणा. मिरची-कोथिंबीर नाही एवढंच, ती कसर आईंच्या पर्समधल्या चटणीच्या डबीनं भरून काढली.

कामोल्यीहून बोटीनं सान फ्रुत्तुओझोला जाता येतं. डोंगराच्या पायथ्याशी खडकांत लपलेला जुना मठ आहे, तिथे रस्ता जात नाही, बोट किंवा पायवाट एवढंच. त्या आखातात सुमारे सतरा मीटर खोल पाण्यात १९५४ साली ठेवलेला ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा आहे. मन फार झालं. पण समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि मग गुडघेदुखीवाल्या माणसाला घेऊन डोंगर कोण चढणार? जहाज गाठायचं असेल त्या दिवशी परतीची एकच वाट असलेल्या ठिकाणी मी जाणार नाही. राहायला आले तर जरूर जाईन.

दीडच्या सुमाराला ट्रेननं परत सांता मार्गेरितात. किनाऱ्यापासून एक गल्ली आत जेवलो. पान्सोती नावाचा रानभाज्या आणि ताजं चीज भरलेला पास्ता, वर अक्रोडाची पांढरी चटणी. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावतात, ते बसण्याचे आणि पावाचे पैसे, त्यात फसवणूक नसते. कॉफी मात्र काउंटरपाशी उभं राहून प्यावी, टेबलावर बसलं की दर वाढतो.

पोर्टोफिनोला बोटीनं पंधरा मिनिटं लागतात, आणि खरं सुख त्या पंधरा मिनिटांत आहे. गाव सुंदर आहे यात वाद नाही: नालाकृती बंदर, रंगीत घरं, वर सान जॉर्जोचं पिवळं चर्च. नवरा तेवढ्यात चर्चपर्यंत चढून आला. तिथून दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो म्हणे. खाली मोठ्या ब्रँडची दुकानं आणि यॉट. फोटोसाठी घुटमळणाऱ्या गर्दीमुळे २०२३ साली तिथे 'थांबायचं नाही' असे पट्टे आखले गेले, २७५ युरोपर्यंत दंड. आई बाकावर बसून आइस्क्रीम खात म्हणाल्या, "इथे राहतं कोण?" मला उत्तर सुचलं नाही. पाऊण तासात पुरे झालं.

चार वाजता धक्क्यावर आलो तर टेंडरची रांग अजून लहान होती. पाचनंतर ती कमानीपर्यंत गेली, हे आम्ही डेकवरून चहा घेत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लिव्होर्नो. आठ तासांत पिसा आणि फ्लॉरेन्स, अशी बसची सहल होती. नाव नोंदवायच्या काउंटरपाशी आईंनी नवऱ्याला विचारलं, "अरे, या बंदराच्या शेजारी कुठलं गाव आहे ते आधी बघ."