डोळ्याला कॅमेरा का लावता?

मालवणच्या किनाऱ्यावर फोटो काढताना लोक हमखास विचारतात, "मागे एवढी मोठी स्क्रीन असताना डोळा कशाला लावता? आणि लावायचाच तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, कुठला चांगला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

स्क्रीनचं उत्तर सोपं आहे. भर दुपारी वाळूवर ती नीट दिसतच नाही.

व्ह्यूफाइंडरचं मात्र काय टिपायचं त्यावर ठरतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, घ्या. होडीने अर्धगोल टाकलेल्या जाळ्याचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढत एकमेकींकडे सरकतात. मधल्या जागेत आता कोण येणार, हे चौकटीबाहेर पाहिलं तरच कळतं. म्हणून तिथे मला रेंजफाइंडर प्रकारच्या कॅमेऱ्यासारखी खिडकी लागते. साध्या काचेतून अख्खा किनारा दिसतो, त्यावर फोटोची चौकट उजळ रेषांनी आखलेली असते. टोपली घेऊन येणारी बाई चौकटीत शिरण्याआधीच दिसते! १९५४च्या लायका एम३ या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तर दृश्य ०.९१ पट, जवळजवळ डोळ्याला दिसतं तेवढंच. दुसरा डोळाही खुशाल उघडा ठेवावा.

एसएलआर प्रकारच्या कॅमेऱ्यात आरसा आणि प्रिझममुळे भिंगाला दिसतं तेच आपल्याला दिसतं. लांबच्या घारी टिपायला ते उत्तम. पण बटण दाबताच आरसा वर जातो, आणि फोटोत आलेला नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही.

जुन्या रोलीफ्लेक्समध्ये वरून दुधी काचेत पाहायचं. डावं-उजवं उलटं, होडी डावीकडे निघाली की काचेत उजवीकडे जाते. धावपळीत मी तो घेतच नाही. पण जाळं विणत बसलेल्या आजोबांसमोर मान खाली घालून उभं राहिलं की ते अवघडत नाहीत. तसे चेहरे मला दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यात मिळालेले नाहीत.

संध्याकाळी पाण्याच्या चकाकीपुढे माणसं काळी पडणार, हे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे खिडकीतली छोटी स्क्रीन, बटण दाबण्याआधीच दाखवतो. अंधारात चित्र दाणेदार होतं, ते मी चालवून घेतो.

म्हणून रोजच्या कामाला मी फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेतला कॅमेरा ठेवलाय. २०११च्या पहिल्या मॉडेलपासून त्यात काचेचा आणि इलेक्ट्रॉनिक, दोन्ही व्ह्यूफाइंडर एकाच खिडकीत आहेत. पुढचा खटका ओढला की बदलतात. रापणीला काच, दिवेलागणीला इलेक्ट्रॉनिक. तुम्हाला चष्मा असेल, तर कुठलाही कॅमेरा घेण्याआधी चष्म्यासकट डोळा लावून चारही कोपरे दिसतात का, ते दुकानातच बघा.