जुळे सोलापूरच्या रो-हाऊसमध्ये माळवदाचं घर

घराला 'पारंपरिक लूक' हवा म्हटल्यावर इंटिरिअरवाल्या मुलानं टॅबवर चित्रं दाखवली: राजस्थानी झरोका, केरळची उरळी, टीव्हीमागे पिवळे दिवे सोडलेला फायबरचा गणपती. दिसायला छानच. सासूबाईंनी चष्मा लावून सगळं बघितलं आणि विचारलं, "अगं, यात खुंट्या कुठायत? छत्री कुठं अडकवायची?"

त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं. पाच खणांचं माळवद, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, वर पांढऱ्या मातीचा थर, भिंतीत दिवळ्या, म्हणजे दिवा ठेवायचे कोनाडे, पुढच्या सोप्यात सागवानी खांब. त्या घरात शोभेसाठी म्हणून काहीच नव्हतं. मग आम्ही ठरवलं, जे उपयोगाला येईल तेवढंच जुनं आणायचं. तो मुलगा भला होता. म्हणाला, "मग माझं काम फक्त वायरिंगचं राहतंय." तेवढंच दिलं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं दारानं. पेठांमधले जुने वाडे पडतात तेव्हा त्यांची दारं, तुळया, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येऊन पडतात. तिथं गेलात तर दारावरची फुलं आणि पितळी कड्या बघून भुलू नका. आधी पालथं करून बघा. बारीक भोकं असली तर दाराच्या फळीवर थाप मारायची. खालून ताजा भुसा पडला की किडा अजून आत आहे. तळाची कड पाण्यानं कुजलेली असते, तिथं टोच्या घुसवून बघायचा. आणि सागवान म्हणून दुसरंच काही रंगवून गळ्यात मारतात, तेव्हा न दिसणाऱ्या जागी चाकूनं थोडं खरवडून बघायचं. सागाचा आतला रंग सोनेरी-तपकिरी असतो आणि वास ओळखीचा, तेलकट. आम्हाला मिळालेली चौकट जेमतेम साडेपाच फुटांची. पूर्वीची दारं ठेंगणीच. मुख्य दाराला ती लावली असती तर आमचे 'हे' रोज कपाळमोक्ष करून ऑफिसला गेले असते. म्हणून ती देवघराला लावली. देवापुढं वाकायचंच असतं.

सुतारमामा दार बघून म्हणाले, "ताई, नवीन दार सोडून हे काय करलालाव?" त्यावर रंगाचे थर तरी किती! तपकिरीखाली निळा, निळ्याखाली पोपटी. त्यांना सरळ सँडर फिरवायचा होता, पण जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ नाकात जाते. घरात लहान मूल असेल तर याबाबत अजिबात भिडेखातर गप्प बसू नका. रिमूव्हर लावून, ओलं ठेवून, अंगणात, तोंडाला मास्क बांधून पत्रीनं खरवडून घेतलं. वेळ लागला, मामांनी मजुरीही वाढवून मागितली, आणि ती रास्तच होती. वर पॉलिश न मारता उकळलेलं जवसाचं तेल पातळ हातानं चोळलं, एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. "चटणी करायची सोडून दाराला जवस!" हे सासूबाईंचं मत. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेटू शकतात. उन्हात पसरून वाळवायच्या, मग फेकायच्या.

फरशीबद्दल वाद झाला नाही. शहाबादी कुठून येते हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या रेल्वेनं गुलबर्ग्याच्या पुढं गेलं की शहाबाद स्टेशनच लागतं. स्वस्त, पायाला गार, करडी-निळसर. पण गवंडी नीट हवा, कारण लाद्यांची जाडी सारखी नसते. खालचा माल कमी-जास्त करूनच लेव्हल मिळते. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला आमच्याकडे ॲसिडचा कॅन आला, तो दारातूनच परत पाठवला. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की तो खाल्ला जातो आणि पांढरे चट्टे उठतात. लिंबू किंवा चिंच सांडली तरी लगेच पुसावं लागतं. डाग पडायचे थोडे पडतीलच. स्वयंपाकघर आहे ते, म्युझियम नव्हे.

दिवळीचा हट्ट सासूबाईंचा. जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड असायच्या, कोरा हव्या तेवढ्या. रो-हाऊसमधल्या आतल्या भिंती साडेचार इंची, त्यात कोरलं तर पलीकडच्या खोलीत उजेड. बाहेरची भिंत नऊ इंची होती, तिथं कॉलमपासून लांब, वर छोटं लिंटेल देऊन अर्ध्या विटेच्या खोलीची दिवळी काढली. ती दिवा ठेवता येईल एवढी झाली. सध्या तिथं पणतीशेजारी मुलीचा मोबाइल चार्जिंगला असतो. भिंतीला चुना द्यायचा तर आधी प्लास्टिक पेंट पूर्ण खरवडावा लागतो, त्यावर चुना धरत नाही. भिंत ओली करून, पातळ हात, असं एकाच भिंतीला केलं. हात लावला की कपड्याला पांढरं लागतं, हे आधीच सांगून ठेवते.

झोपाळा स्लॅबमध्ये कुठंही भोक पाडून टांगू नका. झोक्यानं येणारा ताण नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो. इंजिनिअरला बोलावून बीम दाखवून घेतला आणि तिथंच कड्या बसवल्या. त्यामुळं झोपाळा हॉलच्या मधोमध न येता जरा खिडकीकडं आलाय, पाहुणे विचारतात.

कापडाच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आपल्याच गावची, तरी आपण ती पाहुण्यांना भेट म्हणूनच घेतो. जॅकार्डवर विणलेल्या या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, एकीकडं जो रंग जमिनीचा तो पलीकडं नक्षीचा. दिवाणावर एक घातली, आणि दोन जाड चादरी पश्चिमेच्या खिडकीला पडदा म्हणून लावल्या. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा झिरझिरीत पडद्यांचा काही उपयोग नसतो. जाड सुती कापड ऊन अडवतं. रंग उतरतो म्हणून दर सीझनला बाजू पालटते. हॉलमध्ये एक हातमागावरचं वॉल हँगिंग घेतलं, त्यासाठी शहराच्या पूर्व भागात फिरावं लागलं. तिथल्या पद्मशाली विणकरांच्या घरांतून तेलुगू ऐकत खरेदी करायची मजा शोरूममध्ये नाही. घासाघीस मी केली नाही, विणायला किती वेळ जातो ते समोर दिसत होतं.

पितळी हंडे-कळश्यांची उतरंड स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं ती भरलेलीच असते. चिंच लावून घासायची तर अंगणात न्यायची, शहाबादीवर नाही. आता खुंट्या तेवढ्या बाकी आहेत. सुतारमामा श्रावणानंतर येतो म्हणालेत.