पुरे म्हणजे किती, ते आधी मोजू या

समाधानी राहा म्हटलं की लोकांना वाटतं आता मन मारायला सांगणार. मला ते कधीच पटलं नाही. आपल्याकडे आहे किती आणि लागतं किती हे नीट माहिती असलं ना की जीव शांत होतो, आणि ते माहिती नसलं तर कितीही असू दे, धाकधूक जात नाही. हिवरे बाजारबद्दल वाचत गेले तसं हे जास्तच पटत गेलं.

नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) पर्जन्यछायेतलं गाव, वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही भरवशाचा नाही. ७२ च्या दुष्काळानंतर माणसं गाव सोडून जायला लागली होती. पुढे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, मग श्रमदान, डोंगरावर चर, बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, हे सगळं बऱ्याच जणांना माहितीये, त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पेपरात भरपूर आलं होतं. पण पाणलोटाची कामं काय, आणखीही गावांनी केली, विहिरी भरल्या की जो तो जास्त पाण्याच्या पिकामागे लागतो आणि पुन्हा ठणठणाट. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती आहे ते बघायचं आणि ग्रामसभेत बसून ठरवायचं, आधी माणसांना प्यायला, मग जनावरांना, उरेल त्यावर पिकं. पाऊस कमी झाला तर जास्त पाणी पिणारं पीक त्या वर्षी नाही. ऊस, केळी तर नाहीच. आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही.

ही बोअरची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. समजा मी एकटीने माझ्या विहिरीवर समाधान मानलं आणि बांधापलीकडच्याने पाचशे फूट बोअर मारलं, तर माझी विहीर आटणार, मग मी सहाशे फूट जाणार, मग तो सातशे... यात हाव कमी आणि भीतीच जास्त असते. सगळ्यांनी मिळून थांबायचं ठरवलं की ती भीती राहत नाही. म्हणून मला एकट्याने साधं राहण्याच्या गोष्टी अर्धवट वाटतात, चांगल्या आहेत, पण अर्धवट.

आमच्या सोसायटीत हेच बघतेय. उन्हाळ्यात टँकर ठरलेले, बिल सगळ्यांत सारखं वाटलेलं, त्यामुळे कोणाचा नळ किती वाहतो याचा कोणालाच पत्ता नाही. मग फ्लॅटमागे मीटर बसले. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष, आम्ही चौघं, म्हणजे ५४० लिटर. आधी वाटलं काटकसर करावी लागणार. पण आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्यानेच फरशी पुसायची, शॉवरऐवजी बादली, भांडी घासताना नळ बंद, एवढ्यावर आकडा आरामात आत आला, आणि सासूबाई आता रोज सकाळी चष्मा लावून स्वतः मीटर बघून येतात, मग चहा.

येत्या जनरल बॉडीत मी एक मांडणार आहे. पावसाळा संपला की लगेच आपल्या बोअरची पातळी मोजायची, आणि लॉनला, गाड्या धुवायला किती द्यायचं ते तेव्हाच सगळ्यांनी बसून ठरवायचं, एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन लावताना नाही.