फंक: सगळा भार पहिल्या बीटवर

सोल आणि रिदम-अँड-ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारांत चार बीटच्या (मात्रांच्या) आवर्तनात टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर. फंक हा त्यांच्यातूनच निघालेला, ठेक्यावर चालणारा प्रकार. १९६५ साली 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' या गाण्यात गायक जेम्स ब्राउन यांनी बँडचं वजन पहिल्या बीटवर आणलं. टाळी होती तिथेच राहिली, पण सगळे येऊन मिळतात ते पहिलीवर. याच पहिलीला फंकवाले 'द वन' म्हणतात. समेची वाट बघायची सवय असलेल्या आपल्या कानाला हे लगेच पटतं.

खरी उडी ब्राउन यांच्याच १९६७च्या 'कोल्ड स्वेट'ची. मुख्य भागात कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) जवळपास बदलतच नाही. सूर जागेवर थांबले, म्हणून लयीला खेळायला मैदान मिळालं. माझ्या मते फंकचा जन्म इथला. ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड पहिल्या बारमध्ये (चार बीटच्या आवर्तनात) दुसऱ्या बीटचा स्नेअर (कडक आवाजाच्या ड्रमचा ठोका) जागेवर देतात आणि चौथीचा अर्धी बीट उशिरा. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या मिरवणुकांतला सेकंड लाइन ठेका ऐकला, की अशा सरकवलेल्या ठोक्यांचं मूळ कळतं. त्याच शहरातल्या 'द मीटर्स' या बँडचं 'सिसी स्ट्रट' (१९६९) जरूर ऐका.

ड्रम वाजवायला बसाल तर मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ८० बीटवर लावा आणि एका बारचे सोळा भाग मनात मोजा. दोन-चारचे स्नेअर ठणठणीत हवेत. मधले घोस्ट नोट्स, म्हणजे स्नेअरवरचे अगदी हलके ठोके, मात्र काठी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उचलून, ऐकू येतील न येतील इतकेच. ते मोठे झाले की टाळी बुडते आणि ठेका चिखलात रुततो. नवशिक्यांचं इथेच बिघडतं.

गिटारवर ई नाइन्थ ही कॉर्ड धरा. उजवा हात सोळाही भागांवर न थांबता चालू दे. डाव्या हाताची बोटं तारांवर सैल ठेवा आणि हव्या त्या दोन-तीन ठिकाणीच दाबा. बाकी नुसती खरखर. ब्राउन यांचे गिटारवादक जिमी नोलन यांचा 'चिकन स्क्रॅच' तो हाच. डावा हात तारांवरून पूर्ण उचललात तर मोकळ्या तारा वाजतात आणि खरखर बिघडते.

बेसवाल्यानं पहिलीवर ठाम सूर द्यावा आणि मग जागा सोडावी. बेसवादक लॅरी ग्रॅहमसारखं अंगठ्यानं तार ठोकणं नंतर शिकता येईल.

बसलंय का हे बघायला मेट्रोनोम निम्म्यावर, ४०वर आणा आणि त्याची टिकटिक दोन-चारवर धरा. चार मिनिटं वाजवूनही पहिली हलली नाही, तर वेग ९५-१००वर न्यायला हरकत नाही.