तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचे सात पोपट

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणीही आलं की चहा येईपर्यंत नजर समोरच्या भिंतीवर जाते. तिथे सात पोपटांचं एक चित्र आहे. एका परदेशी कॅलेंडरचं पान, पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे, मिळालेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. आधी सगळे "वा, काय जिवंत काढलेत!" म्हणतात. मग कुणीतरी जाणकार विचारतं, "पण ह्या ऑड्युबॉननं तर म्हणे हजारो पक्षी मारले. पक्ष्यांवर एवढी माया तुमची, आणि चित्र ह्याचं?"

गेल्या डिसेंबरात माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेहून आली होती, तिने तर चप्पल काढता काढताच विचारलं, "बाई, हे अजून ठेवलंय तुम्ही? आमच्याकडे तर लोकांनी ह्याचं नाव पुसून टाकलं." तिला तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. सगळेच विचारता, म्हणून आता एकदा नीट सांगते.

चित्र जॉन जेम्स ऑड्युबॉनचं. जन्म 1785, आजच्या हैतीमधला. वाढला फ्रान्समध्ये, आणि नेपोलियनच्या फौजेत भरती व्हायला नको म्हणून बापाने 1803 मध्ये त्याला अमेरिकेला धाडला. धंद्यात हा माणूस ठार अपयशी. 1819 मध्ये दिवाळं निघालं, कर्जापायी काही दिवस तुरुंगाची हवा खाल्ली. त्याआधी एकदा प्रवासाला जाताना दोनेकशे चित्रं पेटीत ठेवून गेला होता, परत येऊन उघडतो तर उंदरांनी त्यात घर केलेलं आणि चित्रांचा भुगा. असं त्यानेच लिहून ठेवलंय. अर्थात तो स्वतःबद्दल सांगे त्यावर जरा जपूनच विश्वास ठेवावा. थोर चित्रकार दाविदकडे शिकलो म्हणायचा, त्याला पुरावा नाही.

दिवाळखोरीनंतर त्याने ठरवलं, अमेरिकेतले सगळे पक्षी काढायचे, आणि तेही ज्याच्या त्याच्या खऱ्या आकारात. कागद घेतला तो साधारण एक मीटर उंच, तेव्हा मिळत होता त्यातला सर्वात मोठा. त्यावर चिमणी चिमणीएवढी, गरुड गरुडाएवढा. रोहित पक्षी काही मावेना, म्हणून त्याची मान पार जमिनीपर्यंत वाकवली. लंडनच्या हॅवेलने तांब्याच्या पत्र्यांवर त्यातली बहुतेक चित्रं कोरली, छापल्यावर प्रत्येक प्रत हाताने रंगवली गेली. 1827 ते 1838, अकरा वर्षं, 435 चित्रं. सुरुवातीची कित्येक वर्षं घर चालवलं ते बायकोने, लूसीने, शिकवण्या करून. नवरा गेल्यावर 1863 मध्ये मूळ जलरंगातली चित्रंही तिलाच विकावी लागली. तांब्याचे बहुतेक पत्रे पुढे मोडीत गेले.

आता मारण्याचं. हो, मारले, आणि पोटासाठी किंवा चित्रासाठी लागतात त्याहून कितीतरी जास्त मारले. तेव्हा दुर्बिणी धड नव्हत्या, कॅमेरा नव्हता, पक्षी ओळखायचा तर तो हातात घ्यावा लागे, हे खरंच आहे. आपल्या सालिम अलींची सुरुवातसुद्धा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासूनच झाली. पण ही सबब ऑड्युबॉनच्या सगळ्या गोळ्यांना पुरत नाही. आणि ज्यासाठी त्याचं नाव पुसलं जातंय ते वेगळंच आहे: त्याने गुलाम विकत घेतले, विकलेही. त्याच्या नावाची जी मोठी संस्था अमेरिकेत पक्ष्यांसाठी काम करते तिने 2023 मध्ये नाव ठेवायचं ठरवलं, तिच्या काही शहरांतल्या शाखांनी मात्र बदललं. त्यावर मी बडोद्यात बसून काय निकाल देणार? ज्यांच्या पणज्या विकल्या गेल्या त्यांनी ठरवावं.

मला, चित्रकलेची मास्तरीण म्हणून, एक बारीकशी गोष्ट जास्त डाचते. जोसेफ मेसन नावाचं एक तेरा वर्षांचं पोर 1820 मध्ये त्याच्याबरोबर नदीतून निघालं आणि दोनेक वर्षं त्याच्या पक्ष्यांमागची पानं, फुलं, फांद्या रंगवत राहिलं. छापील चित्रांवर त्या पोराचं नाव नाही. वर्गातल्या मुलाने काढलेली रांगोळी आपल्या नावावर खपवणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यांचा येतो तस्साच राग मला ह्याचाही येतो.

मग चित्र का ठेवलंय? त्यासाठी एका उत्तरायणाबद्दल सांगावं लागेल.

बारा-तेरा वर्षं झाली. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, पंधरा जानेवारी, पतंगांचा. आम्ही बडोद्याचे मराठी लोक गच्चीला अगाशीच म्हणतो, तर अगाशीवर चिक्की, ऊंधियू, लाउडस्पीकर, "काप्यो छे!"चा गदारोळ. सकाळी दहाच्या सुमारास शेजारची मुलं एक पोपट घेऊन आली. टीव्हीच्या जुन्या अँटेनाला अडकलेल्या मांज्याने त्याचा पंख खांद्यापाशी कापला होता. जखमी पक्ष्यांना न्यायला माणसं येतात, फोन केला. ती येईपर्यंत तो माझ्या ओंजळीत गेला. नर होता, गळ्याला काळा-गुलाबी गोफ.

आयुष्यभर मी पक्षी काढायला शिकवलं ते कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये मुलांना नेऊन. देवमाशाच्या त्या अजस्र सांगाड्याभोवती आधी त्यांचा दंगा होऊ द्यायचा आणि मग पेंढा भरलेल्या पक्ष्यांसमोर बसवायचं. नुकताच गेलेला, ऊब असलेला पक्षी हातात कधी आला नव्हता. पोपट मेला ह्याचं वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी, हातात आला म्हणून आनंदही झाला. हे दुसरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

खाली आणला, टेबलावर ठेवला. मान लुळी, एकीकडे कलंडलेली. मेलेला पक्षी पक्ष्यासारखा दिसतच नाही, ओल्या मोज्यासारखा दिसतो. तेव्हा मला ऑड्युबॉनची युक्ती आठवली. तो ताज्या मारलेल्या पक्ष्यात तारा खुपसून त्याला जिवंतपणीच्या ऐटीत फळीवर उभा करायचा. फळीवर चौकोन आखलेले असत आणि तसेच चौकोन कागदावर. मी मुलाचा शाळेतला थर्माकोल काढला, पट्टीने चौकोन मारले, हाराची तार वाकवून पोपटाच्या पाठीशी लावली. खुपसायचा धीर झाला नाही, दोऱ्याने बांधली. एक पाय फांदी धरल्यासारखा केला: दोन बोटं पुढे, दोन मागे. बोटं सारखी मिटत होती.

आणि मग रंग. पोपटी म्हणून आपण एक रंग सांगतो ना, तो पोपटात नसतोच. मानेमागे निळसर झाक, पोटाला पिवळट, शेपटीची वरची पिसं चक्क निळी, खालून पिवळी. मी मिसळत होते आणि तो माझ्यासमोर फिका पडत होता. दुपारी दोनपर्यंत चोचीचं लाल काळवंडलं, पिसांची चकाकी गेली. ह्यासाठीच ऑड्युबॉन घाईघाईने काढायचा आणि नवीन पक्षी मारायचा, हे तेव्हा कळलं. तीन वाजता थर्माकोलवर मुंग्या चढल्या. वर लाउडस्पीकर चालूच. संध्याकाळी परसातल्या कडुनिंबाखाली त्याला पुरलं.

चित्र झालं, फक्त डोळा राहिला. डोळा मिटलेला होता आणि पापणी वर करून पाहिलं तर आत नुसतं धुकं. कागदावर तिथे गोल पांढरी जागा आहे, अजून तशीच.

त्यानंतर भिंतीवरचे सात पोपट मी निराळ्या नजरेने पाहते. तो कॅरोलिना पोपट, अमेरिकेचा स्वतःचा. हिरवं अंग, पिवळं डोकं, त्यावर नारिंगी. एकाचंच डोकं हिरवं, ते पोर. शेतकरी त्यांना नासधूस करणारे म्हणून मारत, जंगलं तुटली, बायकांच्या टोप्यांना पिसं लागली. शिवाय ह्या पक्ष्याची एक खोड होती: थव्यातला एक पडला की बाकीचे उडून न जाता त्याच्याभोवती ओरडत घिरट्या घालायचे. म्हणजे बंदूकवाल्याला आख्खा थवा. ऑड्युबॉनने हे लिहिलंय, ते झपाट्याने कमी होताहेत हेही 1830च्या दशकातच लिहिलंय, आणि गोळ्याही झाडल्यात. शेवटचा पाळीव नर 1918 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हे सगळं त्याच एका पानावर आहे. पान काढून ठेवलं तर पोपटही जातात आणि मारणाराही सुटतो.

चित्रात ते बसलेत त्या झुडपाला काटेरी बोंडं आहेत. ते आपलं शंकेश्वर, विश्वामित्रीच्या काठाने फिरून आलात तर साडीला चिकटून घरी येतं तेच. पोपट संपले, ते झुडूप मात्र जगभर पसरलं.

हे सगळं त्या विद्यार्थिनीला सांगायचं होतं. पण ती बोलत असताना तिच्या आठ वर्षांच्या लेकीने कपाटाशेजारचा माझ्या त्या पोपटाच्या चित्राचा बोर्ड उलटा करून पाहिला आणि विचारलं, "आजी, ह्याचा डोळा कुठाय?"

म्हटलं, चल दाखवते. तिला अगाशीवर घेऊन गेले. पाचच्या पुढे पोपट कडुनिंबावर येतात. आम्ही दोघी टाकीच्या आडोशाला बसलो, ती कागद-पेन्सिल घेऊन, मी चष्मा पुसून. आले, पंधरा-वीस तरी असतील, एकच कल्ला करत. ती उठून उभी राहिली आणि सगळे भुर्रकन सुरसागर तलावाच्या दिशेने गेले.

"दिसला?" मी विचारलं.

"नाही ना! थांबतच नाहीत ते."