तुम्ही विचारलंत म्हणून: तुतानखामूनचा मुखवटा आजच्या भावाने केवढ्याला जाईल?

इजिप्तच्या जुन्या दागिन्यांवर मी सतत बोलत असते, त्यामुळे लग्नात भेटलेले नातेवाईक असोत, शेजारी असोत की भाषणानंतर हात वर करणारी मंडळी, एक प्रश्न ठरलेला. तो सोन्याचा मुखवटा आहे ना, तुतानखामूनचा, तो आजच्या भावाने केवढ्याला जाईल हो?

हिशोब सोपा आहे, करून टाकू. मुखवट्याचं वजन 10 किलोच्या थोडंसं वर, त्यात जडवलेले खडे आणि काचही आली. राजाच्या शवपेट्या तीन, एकात एक बसवलेल्या, त्यातली सगळ्यात आतली नुसत्या सोन्याची, ती 110 किलोची. आजचा दर बघा, गुणा, उत्तर तुमच्या हातात.

पण मला खरंच सांगायचंय ते पुढे आहे, कारण हा वजनाचा प्रश्न आजचा नाही, तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी तो कबर फोडून विचारला होता आणि त्याचं उत्तर लेखी आहे. इ.स.पू. 1110 च्या आसपासची गोष्ट, नववा रामसेस राज्यावर, गाव थीब्ज म्हणजे आजचं लक्सर. आमेनपानुफर नावाचा एक पाथरवट पकडला गेला आणि त्याचा कबुलीजबाब पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, उतरवून घेतला, तो पपायरस आज दोन तुकड्यांत आहे, एक ब्रसेल्सला आणि एक न्यूयॉर्कला. तो सांगतो की आम्ही तांब्याची हत्यारं घेऊन सोबेकेमसाफ राजाची कबर फोडली, राजा आणि राणी दोघंही तिथे होते, राजाच्या चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा होता, गळ्यात कितीतरी ताईत आणि सोन्याचे दागिने होते, पेट्या आतून बाहेरून सोन्याचांदीने मढवलेल्या आणि खडे जडवलेल्या होत्या. सोनं सगळं काढून घेतलं आणि पेट्यांना आग लावली. सोनं भरलं 160 देबेन, आठ जणांत वाटलं, प्रत्येकाला 20. एक देबेन साधारण 91 ग्रॅमचं, म्हणजे एकूण साडेचौदा किलो. पुढचं वाचून तर जीव जळतो, पहिल्यांदा पकडल्यावर ह्या माणसाने आपला 20 देबेनचा वाटा बंदराच्या कारकुनाला दिला, सुटला, परत साथीदारांकडे गेला आणि त्यांनी त्याला पुन्हा वाटा काढून दिला.

त्या जबाबात ताईत कसले होते, हारात काय काय ओवलं होतं, कुठल्या कारागिराचे हात लागले होते, ह्यातलं काही नाही. 160 देबेन, बस. आपण मुखवट्याची किंमत वजनावर काढतो तेव्हा त्याच पद्धतीने मोजतो, म्हणून मला तो प्रश्न टोचतो. सोनं वितळलं की त्यातली घडणावळ गेली, ती परत काढता येत नाही आणि इजिप्तच्या सोन्याचा जीव होता तो सगळा घडणावळीत.

दाखवते कसा ते. कैरोच्या दक्षिणेला लाहून म्हणून ठिकाण आहे, तिथे 1914 मध्ये फ्लिंडर्स पेट्री आणि गाय ब्रंटन हे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ खोदत होते. सिथाथोरयुनेत नावाच्या राजकन्येची कबर, चोरांनी आधीच लुटलेली, पण भिंतीतल्या एका कोनाड्यात पुराचा गाळ भरून घट्ट बसला होता आणि चोरांनी तिकडे हातच घातला नाही. त्या गाळात तिच्या दागिन्यांच्या पेट्या होत्या. लाकूड कुजून गेलेलं, मणी सगळे सुटे, ब्रंटन कित्येक दिवस-रात्री त्या कबरीतच राहिला आणि एकेक मणी हाताने गाळातून सोडवला. मला ह्या माणसाबद्दल फार वाटतं, कारण मणी कुठे पडलाय हे न लिहिता उचलला असता तर हार परत ओवता आलाच नसता.

त्यातलं एक पदक आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. रुंदी 8 सेंटीमीटरच्या जराशी वर, उंची साडेचार. एवढ्याशा जागेत दोन ससाणे समोरासमोर, मध्ये दुसऱ्या सेनुस्रेत राजाचं नाव, त्याखाली गुडघ्यावर बसलेला देव, बाजूला दोन नाग. आणि खडे 372! तीनशे बहात्तर तुकडे, लाल अकीक, फिरोजा, लाजवर्द (गडद निळा दगड), गार्नेट, एकेक तुकडा आपापल्या घरात बसेल असा घासून घासून कापलेला. आधी सोन्याच्या पत्र्यावर बारीक पट्ट्या उभ्या झाळून, म्हणजे डाख देऊन, घरं करायची आणि मग प्रत्येक घराच्या आकाराचा दगड घडवायचा, ससाण्याच्या पंखातलं एकेक पीस म्हणजे एकेक दगड. मिनाकारीत कशी पूड भरून भट्टीत भाजतात, तसं इथे काही नाही, सगळा दगडच. हे पदक उलटं केलं तर मागच्या बाजूला तीच सगळी नक्षी नुसत्या सोन्यात, पिसं, नखं, नागाचे खवले, सगळं बारीक कोरलेलं. ही बाजू अंगाला लागणार, कुणाला दिसणार नाही, तरी कारागिराने ती तेवढ्याच मन लावून केली. इ.स.पू. 1880 च्या आसपास. वजनाने म्हणाल तर ह्यात सोनं असं किती असणार.

आता हत्यारं ऐका. त्यांच्याकडे आपल्यासारखी कानस नव्हती, वाळूने आणि दगडाने घासायचं. हातोडा म्हणजे मुठीत धरायचा गोटा, त्याला दांडासुद्धा नाही. तार ओढायची भोकाभोकांची पट्टी नव्हती, तर पत्र्याची अरुंद पट्टी कापून ती पीळ देत देत गोल करायची, जुन्या तारेवर भिंग धरलं तर त्या पिळाची रेघ मळसूत्रासारखी फिरत गेलेली दिसते. सोनं वितळायला 1064 अंश सेल्सिअस लागतात, आणि सक्काराला मेरेरुका नावाच्या अधिकाऱ्याच्या कबरीत, म्हणजे इ.स.पू. 2300 च्या सुमारास, भिंतीवर कोरलंय की माणसं मुशीभोवती बसून लांब नळ्यांनी फुंकतायत, नुसत्या तोंडाच्या वाऱ्यावर. तिथेच शेजारी बुटके कारागीर रुंद गळहार करताना दाखवलेत. पुढे आठ-नऊशे वर्षांनी रेखमिरे वजिराच्या कबरीत पायाने दाबायचे भाते आलेले दिसतात. माझं सगळ्यात लाडकं चित्र मात्र ब्रिटिश म्युझियममधलं, सोबेकहोतेपच्या कबरीतलं, त्यात मणी पाडणारा माणूस एकाच धनुकलीने तीन सामते, म्हणजे भोक पाडायची हत्यारं, एकदम फिरवतोय. एका हाताने तीन मणी एका वेळी. हे ज्याला सुचलं त्याचं नाव आपल्याला मिळायला हवं होतं.

झाळण्याचंही तसंच. सोन्यात तांबं घातलं की ते कमी उष्णतेवर वितळतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण उघड्या कोळशावर, अंश दाखवणारं काही नसताना, फक्त सोन्याचा रंग बघून ओळखायचं की आता झाळ धावेल आणि अजून एक फुंकर मारली तर अख्खा दागिना वितळून बसेल. दहशूरला खनुमेत राजकन्येचे दागिने 1894-95 मध्ये जाक द मॉर्गन ह्या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला सापडले, त्यात रवाकाम आहे, सोन्याचे बारीक दाणे बसवलेत आणि दाणा वितळून चपटा झालेला नाही. तिचा एक मुकुट आहे, सोन्याच्या नाजूक तारांचं जाळं आणि त्यावर विखुरलेली इवलीशी फुलं, मधोमध लाल अकीक आणि पाकळ्या फिरोजाच्या. फोटो बघितला की डोक्यावर ठेवावासा वाटतो.

आणि वजन? वजन ते करत होतेच, रेखमिरेच्या भिंतीवर तराजू आहे, सोनं कारागिराला मोजून दिलं जातंय आणि कारकून लिहून घेतोय, सोन्याच्या कामात हे चुकत नाही. पण सोनं तिथे नुसता पैसा नव्हतं, देवांचं मांस सोन्याचं असं ते मानायचे आणि हाडं चांदीची. चांदी तर त्यांच्या देशात जवळजवळ नव्हतीच, हेतेफेरेस राणीची (ही खुफूची आई, पिरॅमिडवाल्या खुफूची) चांदीची कंकणं आहेत, त्यावर फिरोजा, लाजवर्द आणि अकिकाची फुलपाखरं जडवलीत, आणि 2023 मध्ये अभ्यास झाला त्यात निघालं की ती चांदी ग्रीसकडच्या बेटांवरून आली असावी. साडेचार हजार वर्षांपूर्वी! लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा, फिरोजा सिनाईच्या खाणींचा, सोनं इजिप्तच्या पूर्वेच्या वाळवंटातलं आणि दक्षिणेकडच्या न्यूबियातलं. त्यांच्या सोन्यात कधीकधी पांढुरके कठीण ठिपके दिसतात, ऑस्मियम-इरिडियम ह्या धातूंचे, ते मुशीत वितळत नाहीत आणि हातोडीने पसरत नाहीत, कारागिराला वैताग, पण अभ्यास करणाऱ्याला त्यावरून कळतं की हे सोनं नदीनाल्याच्या वाळूतून धुऊन काढलेलं आहे. वितळवून शुद्ध केलं की ही खूणही पुसली.

मुखवट्याकडे परत येते, कारण काच म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. डोक्यावरच्या वस्त्राचे जे निळे पट्टे आहेत ते काचेचे आहेत, डोळ्यांच्या कडांना मात्र खरा लाजवर्द आहे. त्या काळात काच स्वस्त नव्हती हो, दरबारातली नवलाईची वस्तू होती ती. आणि सोन्याची तपासणी झाली त्यात दिसलं की आतलं सोनं साधारण 23 कॅरेटचं, पण पृष्ठभागावर अतिशय पातळ थर वेगळ्या मिश्रणाचा, चेहऱ्यावर 18 च्या आसपास आणि वस्त्रावर साडेबावीसच्या आसपास, म्हणजे चेहऱ्याची कांती फिकट उजळ दिसावी म्हणून त्यांनी सोन्याचा रंगसुद्धा बदलला. आता ह्या 18 कॅरेटला कमी भाव लावायचा का? इथेच वजनकाट्याचा हिशोब कोलमडतो.

हे सगळं आता झालं-गेलं म्हणावं तर तसंही नाही. 1901 मध्ये पेट्रीला अबायडोसला राजा जेरच्या कबरीत भिंतीच्या भोकात एक हात सापडला, कापडात गुंडाळलेला, चोरांनी तोडून तिथे खुपसलेला, आणि त्यावर चार ब्रेसलेट्स होती, पाच हजार वर्षांची. पेट्रीने ती कैरोच्या म्युझियमला पाठवली, तर त्याने स्वतः लिहून ठेवलंय की तिथल्या ब्रुग्शने एका ब्रेसलेटचा गुंफलेल्या तारेचा अर्धा भाग कापून काढला आणि हात आणि कापड दोन्ही फेकून दिलं. इतका जुना मानवी हात, इतकं तलम कापड, ते कापलेलं तारेचं काम, सगळं गेलं.

आणि सप्टेंबर 2025. कैरोच्या इजिप्शियन म्युझियममधल्या दुरुस्तीच्या लॅबमधून आमेनेमोपे राजाचं सोन्याचं ब्रेसलेट गेलं, लाजवर्दचा मणी असलेलं, तीन हजार वर्षांचं. म्युझियममध्येच काम करणाऱ्या व्यक्तीने नेलं, ते एका हातातून दुसऱ्या हातात विकलं गेलं, 1,80,000 इजिप्शियन पौंडांना आणि मग 1,94,000 ला, आणि शेवटी गाळणाऱ्याने इतर मोडीबरोबर मुशीत टाकलं. पोलिसांनी माणसं पकडली, पैसे जप्त केले, ब्रेसलेट परत यायचा प्रश्नच नाही. ही बातमी वाचली त्या दिवशी मी कुणाशी धड बोलले नाही. तुम्ही विचारता ना केवढ्याला जाईल, तर असं जातं, वजनावर, मोडीच्या भावाने.

एक काम करा. त्या लाहूनच्या पदकाचे फोटो मेट्रोपॉलिटनच्या संग्रहात सगळ्यांना बघायला खुले आहेत. पुढची बाजू आधी बघा, मग मागची लावा आणि झूम करून ससाण्याच्या पायांपाशी या, दोघांच्याही पंजात एक गोल धरलाय, सूर्य जेवढ्याला वेढा घालतो तेवढं सगळं राजाचं असा त्याचा अर्थ. दोन्ही बाजूंचं सगळं जुळवत बसा, बराच वेळ जाईल. आणि मग काही विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा, खडे कसे कापले असतील, घरं कशी झाळली असतील, मला त्यावर तासभर बोलायला आवडेल.